थांबले, परतले

"तुझ्या कॉलेजचं नाव आहे खाली," बाबा फोनवर म्हणाले. "आणि तुझी सही."

सोमवार होता, सकाळचे साडेसात. बाबा या वेळेला फोन करतात तो आईचा रिपोर्ट द्यायला. किती घास खाल्ले, कितव्या घासाला तोंड फिरवलं. चौतीस वर्षं घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचलेला माणूस. आकड्याशिवाय बोलणं त्यांना अळणी लागतं. पण त्या दिवशी ते रस्त्याच्या कडेला उभे राहून खांबावर डकवलेली नोटीस मला वाचून दाखवत होते. पादचाऱ्यांच्या मोजणीवरून असं दिसतं की इथून फारसं कोणी रस्ता ओलांडत नाही, म्हणून दुभाजकातली मोकळी जागा कायमची बंद करण्यात येत आहे. सर्वांनी पुलाचा वापर करावा. हरकत असल्यास शुक्रवारी सुनावणीला यावं.

"म्हणजे मी पलीकडे कसं जायचं गं?" त्यांनी विचारलं.

मी खुर्ची ओढून बसले. दुसरं काय करणार?

मी शहररचनेच्या मुलांना शिकवते. वेळापत्रकात विषयाचं नाव लांबलचक आहे, पुराव्यावर आधारित रचना. मुलं त्याला नुसतं मोजणी म्हणतात, आणि मला, माझी पाठ वळली की, मोजणीबाई. म्हणोत बापडी. माझा नियम एकच: पुरावा आधी, पेन्सिल नंतर. पहिले सहा आठवडे चित्र काढायचं नाही. रस्त्यावर उभं राहायचं, माणसं कुठून येतात, कुठे रेंगाळतात, कुठे बसतात ते लिहायचं. मुलं रडकुंडीला येतात. त्यांना कारंजी काढायची असतात, आणि दर चित्रात एक फुगा धरलेली मुलगी हवीच असते. "ही कोण?" मी विचारते. "हिला तुम्ही कुठे पाहिलं? किती वाजता?" मग खोडरबर निघतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मी दर वर्षी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते. माझ्या जिभेला धार आहे, ते मला ठाऊक आहे.

मागच्या सत्रात पालिकेच्या रस्ते खात्याने आमच्याकडे काम दिलं. अमुक रस्त्यावर पायी ओलांडणारे किती, मोजून द्या. तो रस्ता नेमका आईबाबांचा निघाला, तेव्हा मला आनंदच झाला होता. ओळखीचा रस्ता, खरं काम, मुलांना चांगला अनुभव. आम्ही मोजलं, तक्ते केले, मी सही ठोकली. चार दिवसांत वयस्कर माणसं दिसली अवघी सहा.

"बाबा," मी फोनवर म्हटलं, "तुम्ही रस्ता ओलांडता किती वाजता?"

"साडेसहाला जातो, साडेसातला परत. मग दोनला एक फेरी."

"आणि नऊ-दहाला? संध्याकाळी?"

"नऊला? मला काय वेड लागलंय? तेव्हा गाड्या अंगावर येतात. सगळी म्हातारी माणसं सकाळी लवकर नाहीतर दुपारी उरकून घेतात. ती कोपऱ्यावरची बाई तर रोज पिशवी घेऊन येते, अर्धा तास उभी राहते आणि तशीच घरी जाते. धीरच होत नाही तिला."

आम्ही मोजलं होतं नऊ ते अकरा आणि पाच ते आठ. गर्दीच्या वेळी मोजायचं, असं प्रत्येक पुस्तकात आहे. मीच शिकवते ते. पण गर्दीला घाबरणारा माणूस गर्दीच्या वेळी रस्त्यावर कशाला येईल? आणि आलाच, थांबला, परत गेला, तर त्याला लिहायला आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता. आम्ही फक्त ओलांडलेल्यांना मोजलं. स्वतःच्या पायावर धोंडा म्हणतात, मी तो बापाच्या पायावर घातला होता.

आई रस्त्यापलीकडे असते. दीड वर्षापूर्वी तिचं अर्धं अंग गेलं, तेव्हापासून त्या समोरच्या शुश्रूषागृहात, दुसऱ्या मजल्यावर. ते फक्त बायकांसाठी आहे, म्हणून बाबा अलीकडे, एकटे. ती बोलत नाही. मला ओळखते की नाही, देव जाणे. पण बाबांच्या हातचं खाते, आणि फक्त बाबांच्याच हातचं. नर्स थकल्या, मी थकले, तिने ओठ उघडले नाहीत. बाबांनी चमचा धरला की उघडते. पूल तीनशे पावलांवर आहे. चढायला बासष्ट पायऱ्या. लिफ्टसाठी जागा ठेवलीय, लिफ्ट नाही. गाडीने जायचं तर दोन किलोमीटरचा वळसा, आणि समोर दिसणाऱ्या इमारतीसाठी सकाळी साडेसहाला कुठला गाडीवाला येतो? बाबांच्या गुडघ्यांत तर काही राहिलेलंच नाही. रस्ता सपाट असला तरी ते डावा पाय पुढे टाकतात, थांबतात, मग उजवा ओढून आणतात.

मी तडक रस्ते खात्यात गेले. तिथला इंजिनियर माझ्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि माझंच वाक्य मला ऐकवलं.

"मॅडम, तुम्हीच सांगायचात ना, पुरावा नसेल तर गप्प बसा. शुक्रवारपर्यंत नवा पुरावा आणा. दिवसाला चाळीस ज्येष्ठ माणसं तिथून ओलांडत असतील तर मला तो मार्ग बंद करताच येणार नाही. उलट सिग्नल द्यावा लागेल. नियमच आहे."

हात दाखवून अवलक्षण. मी आभार मानून निघाले.

बुधवारी मोजायचं ठरलं, सकाळी सहा ते रात्री आठ. चौदा मुलं, दोघादोघांच्या पाळ्या. या वेळी तक्त्यात नवा रकाना घातला: थांबले, परतले. आणि एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून प्रत्येकापुढे एक खूण लिहायची: काठी, चष्मा, हिरवी पिशवी, असं काहीही.

मंगळवारी मी बाबांना फोन करून मोजणीच्या वेळा, खुणा, सगळं सांगितलं, आणि तिथेच माती खाल्ली. "चाळीस हवेत, बाबा," मी म्हटलं. "फक्त चाळीस."

"चाळीस," ते म्हणाले. मग "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

बुधवारी मला दिवसभर वर्ग होते. रात्री साडेआठला मुलं तक्ते घेऊन कॉलेजच्या स्टुडिओत आली. बेरीज झाली. त्रेपन्न. मी दोनदा तपासली. त्रेपन्न ज्येष्ठ माणसं, आणि थांबून परतलेली एकसष्ट. मला रडूच आलं, मुलांसमोर. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मोजणीबाईला रडताना पाहायचा योग त्यांना पहिल्यांदाच आला होता. सगळी गेली, पण एक मुलगी मागे राहिली.

हिला वर्गात शंकासुर म्हणतात. कुठल्याही वाक्याला हिचा हात वर. मी वैतागते, पण खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत इतकी नजर असलेलं पोर माझ्याकडे आलेलं नाही. ती पहाटेपासून तिथे होती. मैत्रीण आजारी म्हणून तिने दोन पाळ्या केल्या होत्या, आणि मग रात्रीपर्यंत तिथून हललीच नव्हती.

"मॅडम, एक शंका आहे," ती म्हणाली.

"आता काय?"

तिने तक्ते टेबलावर मांडले. सहा बत्तीस: निळी टोपी, हातात डबा. आठ चाळीस: मफलर. नऊ दहा: काळा चष्मा, छत्री. दहा पाच: पांढरा रुमाल डोक्याला. अकरा: मफलर आणि छत्री. प्रत्येक ओळीवर तिने पेन्सिलने बारीक टिंब दिलं होतं.

"कपडे वेगळे आहेत," ती म्हणाली. "पण चाल एकच आहे. डावा पाय पुढे, मग थांबायचं, मग उजवा ओढायचा. हे एकच आजोबा आहेत, मॅडम. सतरा वेळा आहेत. मुलांना कळलं नाही, मलाही दुपारपर्यंत कळलं नाही."

सतरातून एक खरा. त्रेपन्नमधून सोळा गेले. सदतीस.

आधी मला हसू आलं. बाबा आणि काळा चष्मा. शेजाऱ्याची छत्री मागून आणलेला माझा बाप. मग मी वेळा पुन्हा वाचल्या. नऊ दहा. संध्याकाळी सहा. ज्या वेळी रस्त्यावर पाऊल टाकायला मला काय वेड लागलंय असं ते म्हणाले होते, त्या वेळी ते गाड्यांतून गेले होते आणि परत आले होते, तसल्या गुडघ्यांनी.

"तुला खात्री आहे?" मी विचारलं. "अंदाजाने बोलत नाहीयेस ना?"

"मी अंदाजाने लिहीत नाही. तुम्हीच शिकवलंत."

"पुरे झालं ते तुम्हीच शिकवलंत." मी केवढ्याने ओरडले ते मला नंतर कळलं. "तीन माणसांसाठी अडवणार आहेस का? एकसष्ट माणसं परत गेली, ते दिसत नाही? तीन कमी पडतायत, तीन. जगात कुणाचं काय बिघडणार आहे?"

तिची नजर खाली गेली नाही.

"ते आजोबा तुमचे कोण आहेत?" तिने विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, आईचं, चमच्याचं, पायऱ्यांचं. तिने तक्ते गोळा करून माझ्यापुढे सरकवले. पेन्सिल वर ठेवली.

"मी जे पाहिलं ते लिहिलंय. टिंबं पेन्सिलची आहेत, खोडता येतात," ती म्हणाली, आणि बॅग उचलून गेली.

मी ती खोडली.

गुरुवारी संध्याकाळी बाबांकडे गेले. ते गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले होते. गुडघे टम्म सुजलेले. पलंगावर मफलर, चष्मा, रुमाल, छत्री ओळीने मांडून ठेवलेली. परत करायची होती ना ज्याची त्याला. चेहऱ्यावर मात्र अशी खुशी, की आई आजारी पडल्यापासून मी ती पाहिली नव्हती.

"सतरा," ते म्हणाले. "मीही मोजत होतो. झाले का चाळीस?"

"त्रेपन्न झाले."

"मग? एका टेम्पोवाल्याने घातल्या शिव्या, पण थांबला बिचारा." ते पाण्यात पाय हलवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चौतीस वर्षांत एक रीडिंग घरी बसून टाकलं नाही मी. कुत्रं अंगावर आलं तरी मीटर बघूनच लिहिलं. पण हे आता... असो. एवढं एकदा. ती पोरगी चुणचुणीत होती हो, सारखी पायांकडेच बघत होती माझ्या."

मी त्यांचे पाय पुसले आणि मलम लावलं.

शुक्रवारी सुनावणी. लांब टेबल, पंखा, फायलींचे ढीग, हरकत घ्यायला आलेली मी एकटी. बाहेरच्या बाकावर शंकासुर येऊन बसली होती. का आली विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मी इंजिनियरपुढे कागद ठेवला. त्रेपन्न.

त्याने तो आरामात वाचला आणि हसला. "वा. मला बरं वाटलं, मॅडम. खरंच. तुमचा आकडा आहे म्हटल्यावर मी तर तपासणारही नाही."

माझा जीव भांड्यात पडला. त्याने सहीसाठी पेन काढलं.

"फक्त एक औपचारिकता," तो लिहिता लिहिता म्हणाला. "निर्णय बदलायचा म्हणजे आमच्या माणसांची पडताळणी लागते. सोमवारपासून सात दिवस. तुमच्यासारखंच, सकाळी सहा ते रात्री आठ. रोजचे चाळीस आले की संपलं."

सात दिवस.

मला पलंगावरची ती ओळ दिसली. मफलर, चष्मा, रुमाल, छत्री. बाबांना हे कळल्यावाचून राहणार नव्हतं, तिथे माणसं कागद घेऊन उभी राहिली की त्यांना कळणारच. आणि कळलं की ते ओलांडणार. सतरा नाही तर वीस वेळा, रोज. गुडघ्यांनी नाही म्हटलं तरी. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. सातव्या दिवसापर्यंत ते पोचणार नाहीत, हे मला त्या टेबलाशी बसून लख्ख दिसत होतं. सगळेच टेम्पोवाले थांबत नाहीत.

मी सत्यवादी म्हणून बोलले असं कोणी समजू नका. टिंबं मी खोडली होती, कागद मी ठेवला होता. मी भीतीने बोलले.

"थांब," मी म्हटलं. "तो आकडा चुकीचा आहे. सदतीस आहेत."

त्याने वर पाहिलं. मी सांगितलं: एक माणूस सतरा वेळा मोजला गेला. मला बुधवारीच माहीत होतं.

"मॅडम, तुम्ही?" तो एवढंच म्हणाला. पेनाला टोपण लावलं. त्याच्या तोंडावर राग असता तर मला चाललं असतं.

"एकसष्ट माणसं थांबून परत गेली आहेत," मी म्हटलं. "हे बघ ना, हा रकाना बघ. ज्यांना ओलांडायचं आहे पण जमत नाही, ती ही माणसं. हाच खरा पुरावा आहे. आधीची मोजणी माझी चूक होती, वेळा चुकल्या, तक्ता चुकला, तसं लिहून घे, मी सही करते. हात जोडते मी तुला."

"नियमात ओलांडणारे आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "थांबणाऱ्यांना कुठे जागाच नाही. मी काय करू सांगा. आणि आज यातल्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवू?"

बाहेर आले तर शंकासुर उठून उभी राहिली. मी मान हलवली. ती माझ्यामागून जिन्यापर्यंत आली आणि तिथून वेगळी झाली.

बाबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सात दिवस काय, महिनाभर केलं असतं मी," ते म्हणाले.

"म्हणूनच सांगितलं, बाबा."

"माझे पाय. तुला कोणी विचारलं होतं?" मग ते भिंतीकडे तोंड करून बसले. "तुझ्या पुराव्याचं मी तिला काय सांगू? तोंड उघडून वाट बघेल ती." त्यानंतर दोन दिवस त्यांनी माझा फोन घेतला नाही.

सोमवारी पहाटे मी रजा टाकून तिथे पोचले. दुभाजकाची मोकळी जागा बुजवली होती, सिमेंट अजून ओलं, वर कमरेएवढी जाळी. साडेसहाला बाबा आले. निळी टोपी, हातात डबा. रस्ता रिकामा होता, दोन्हीकडे एक गाडी नव्हती. समोर दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीचा पडदा कोणीतरी बाजूला केला होता. बाबांनी जाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि पुलाकडे चालू लागले. डावा पाय, थांबायचं, उजवा. मी मागे. एकोणिसाव्या पायरीवर त्यांनी कठडा धरला. तिथे ते किती वेळ उभे होते ते मी मोजलं नाही. मग त्यांनी डबा मागे धरला, न वळता, आणि मी तो घेतला.

मी धावत पूल ओलांडला. आईच्या शेजारी बसले, मऊ भाताचा चमचा तिच्या ओठांशी नेला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे दाराकडे पाहिलं. ओठ मिटलेलेच. मी गयावया केली, बाबांचं नाव घेतलं, बाबांच्यासारखा चमचा डाव्या हातात धरला. नर्स म्हणाली, ताई, राहू द्या आता, नळी घालावी लागेल बहुतेक.

परत आले तेव्हा बाबा त्यांच्या इमारतीच्या फाटकाशी, सिमेंटच्या ठोकळ्यावर बसले होते. शेजारी शंकासुर उभी होती, लिहायचं पॅड आणि कागद घेऊन. मी तिला बोलावलं नव्हतं.

"पहिल्या दिवसापासून नोंद हवी, मॅडम," ती चाचरत म्हणाली. "पुढे कधीतरी कोणी विचारलं तर."

बाबांनी माझ्या हातातून डबा घेतला. उघडला नाही. हातात जरासा तोलला आणि त्यांना कळलं. डबा मांडीवर ठेवून त्यांनी समोरच्या खिडकीकडे बघितलं.

"कुठला रकाना तो तुमचा?" त्यांनी तिला विचारलं.

तिने बोट ठेवून दाखवलं.

"मग लिही, पोरी. निळी टोपी, डबा. परतल्याची वेळ सहा पन्नास," ते म्हणाले. "आणि एकदाच लिही. मी एकच आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, आणि तिने लिहिलं.